कॉपीमुक्त दार

बारावी विज्ञानाच्या वर्गाला जूनपासून खाज सुटली होती. मुले मान, कोपरे, पोटऱ्या खाजवत रसायनशास्त्र शिकत, आणि अंगद सर एका हाताने फळ्यावर समीकरण लिहिताना दुसऱ्या हाताने स्वतःचा गळा खाजवत. आरोग्य केंद्रातून मलम आले. मुख्याध्यापकांनी परिपाठात रोजच्या अंघोळीचे महत्त्व पटवून दिले. खाजेचे खरे कारण साऱ्या गावाला ठाऊक होते, फक्त ते कोणी उच्चारत नव्हते. आपल्या सार्वजनिक जीवनात ज्याला एकमत म्हणतात, ते बहुधा याच जातीचे असते.

कारण भिंतीपलीकडे होते. संस्थेचे अध्यक्ष धर्मराजभाऊ हे कापसाचे आणि धान्याचे व्यापारी. कापसाला भाव नसताना त्यांनी तो घेतला होता आणि भाव येईपर्यंत विकणार नव्हते. स्वतःचे गोदाम भरले, तेव्हा त्यांना शाळेची आठवण झाली. शाळेला छप्पर होते, कुंपण होते, राखणदार होता, आणि तिन्हींचा खर्च सरकारच्या माथी होता. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागचा व्हरांडा पत्रे ठोकून बंद झाला आणि त्यात सुटा कापूस छताला टेकेपर्यंत भरला गेला. घरात कापूस साठवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, त्यातले किडे अंगाला काय करतात ते ती सांगेल.

हे गाव परतूर तालुक्यात आहे, एवढेच सांगणे पुरेसे आहे. नाव मुद्दाम दिलेले नाही. पुष्कळ वाचकांना ते आपलेच गाव वाटेल, आणि तो समज खोडून काढण्याचे काही कारण नाही.

प्रयोगशाळेला दोन दारे होती. ती बांधणाऱ्या कुणा अज्ञात अभियंत्याने नियम वाचले असावेत. एक दार पुढे, शाळेच्या अंगणात उघडणारे. दुसरे मागे, त्या व्हरांड्याकडचे, आतल्या बाजूला ओढून उघडायचे. कापूस भरला त्या दिवशी धर्मराजभाऊंनी अंगदला बोलावून घेतले होते.

"सर, मागच्या दाराला आतून एक कुलूप ठोका. पोरं कापसात लोळून राह्यलेत. माल काळा पडतो."

"भाऊ, प्रयोगशाळा आहे ती. तिथं दुसरं दार लागतं."

"लागतं ना? मंग तुमच्याच भाषेत लिहा. कॉपीसाठी बंद केलं म्हणा. आजकाल कॉपीमुक्तीला कुणाची न्हाई म्हणायची छाती हाय?" भाऊ हसले होते, आणि हसता हसताच म्हणाले होते, "तुमचा प्रस्ताव आल्ता माझ्याकडं. पाहतो मी. सही करायचीच हाय."

तो प्रस्ताव म्हणजे अंगदच्या नोकरीच्या मान्यतेचा. गेली कित्येक वर्षे तो विनाअनुदानित तुकडीवर शिकवत होता आणि सहीची वाट पाहत होता. त्याने कुलूप आणले. त्याचे अक्षर तालुक्यात नावाजलेले. त्याच अक्षरात त्याने दारावर पाटी रंगवली: 'कॉपीमुक्त परीक्षा अभियान. हे दार कायम बंद राहील.' किल्ली खिशात ठेवली. पुढे खिडक्यांनाही बारीक जाळी ठोकली गेली, आणि ती मात्र खरोखरच चिठ्ठ्यांच्या भीतीने. अशा रीतीने ती खोली नीतिमत्तेने चहूबाजूंनी बंदिस्त झाली.

अंगद वाईट शिक्षक नव्हता. दरवर्षी पहिल्या तासाला तो मुलांना उभे करून नियम पाठ करून घेई. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही. बाटलीचा वास नाक लावून घ्यायचा नाही. स्पिरिटचा दिवा फुंकर मारून विझवायचा नाही, टोपण घालायचे. आणि दोन्ही दारे मोकळी असल्याशिवाय दिवा पेटवायचा नाही. यंदा हा शेवटचा नियम त्याने सांगितलाच नाही. कोणी विचारलेही नाही. शिक्षकाला खोटे बोलावे लागत नाही. एक वाक्य गाळले तरी काम भागते.

रात्री मात्र ते गाळलेले वाक्य त्याच्या उशाशी येऊन बसे.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस उजाडला. बहिःस्थ परीक्षक म्हणून बदनापूरच्या महजबीन मॅडम येणार होत्या. शिपाई कचरू त्यांना परतूर स्टेशनवरून घेऊन आला. शाल, श्रीफळ आणि जेवणाचा बेत अशी आपल्याकडच्या परीक्षेची सर्वांगीण तयारी झाली होती.

"मॅडम, आधी सत्कार करून घेऊ," कचरू म्हणाला. "मंग नाष्टा. पोरं काय, बसल्यात अॅप्रन घालून."

"नारळ थांबेल, कचरूभाऊ," मॅडम म्हणाल्या. "आधी खोली बघते."

पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज कधीच न चढवणाऱ्या बाई. त्या प्रयोगशाळेत शिरल्या. मुले उठून उभी राहिली. मॅडमनी टेबले पाहिली, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, वाळूची बादली पाहिली. अग्निशामक सिलिंडर कुठे आहे असे विचारले. तो अध्यक्षांच्या दालनात आहे असे कळल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, "हां. तिथं आग लागण्याची शक्यता जास्त असेल."

सगळे व्यवस्थित आहे हे दाखवण्यासाठी अंगदने घाईघाईने मागच्या टेबलावरचा दिवा पेटवला. "दिवे सगळे तपासले आहेत, मॅडम. बघा."

मॅडम दिव्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवरून कापसाचा एक तंतू चिमटीत उचलला आणि मनगट खाजवले. मग त्या मागच्या दाराशी गेल्या, पाटी वाचली आणि फटीला बोट लावले. बोटाला पांढरे लागले.

"अक्षर सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचं?"

"माझं," अंगद म्हणाला.

"किल्ली?"

अंगदचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "ऑफिसात असेल."

मॅडमनी त्याच्या हाताकडे पाहिले. त्या पुढे आल्या, एक स्टूल उचलले, पुढच्या दाराच्या उंबऱ्यात मधोमध ठेवले आणि त्यावर बसल्या.

"बाळांनो," त्या म्हणाल्या, "हे माझ्याशेजारचं टेबल बघा. स्पिरिटचा कॅन इथंच ठेवलाय तुम्ही. समजा, तो पेटला. आता मी आग आहे. तुम्ही बाहेर पडा."

मुले हसली. मागून मिथुन नावाचा एक बोलका पोरगा म्हणाला, "मॅडम, मंग तुम्हीच उठा की."

खोली खदखदली. मॅडमही हसल्या.

"आग उठत नाही, बेटा. तिला कुणी सत्काराला बोलावलेलं नसतं. निघा."

पहिल्यांदा कोणी हलले नाही. मग दोघे खिडकीकडे गेले आणि जाळी ओढू लागले. खिळे मजबूत होते, आणि शाळेच्या सबंध इमारतीत तेवढेच काम कंत्राटदाराने मन लावून केलेले दिसत होते. काही मुली मागच्या दाराकडे सरकल्या. त्यांत पुढे होती दैवशाला, वर्गातली सर्वांत शांत मुलगी. तिने कुलूप ओढले. मग दोन्ही हातांनी ओढले. मग ती वळली आणि तिने अंगदकडे पाहिले. तक्रार नव्हती त्या नजरेत. एवढीच अपेक्षा होती, की पुढे काय करायचे ते सर सांगतील.

हसणे केव्हा थांबले ते कुणाच्या लक्षात आले नाही. तीच खोली, तीच टेबले, बाहेर तोच माघातला कोवळा उजेड, आणि तरीही अॅप्रन घातलेली ती सगळी मुले मधल्या वाटेत एकमेकांना खेटून उभी राहिली होती, जणू भिंती चार पावले आत आल्या होत्या. अंगदही त्यांच्यातच उभा होता. वर्षभर ज्या खोलीत तो मुलांना कोंडत होता तीत आपणही आहोत, ही साधी भूमिती त्याला आज प्रथमच कळली. पुढच्या दारात मॅडम, मागच्या दारात त्याचेच अक्षर. त्याच्या गळ्याची खाज थांबली.

"बस," मॅडम म्हणाल्या. "जागेवर जा. मागचं दार उघडल्याशिवाय परीक्षा सुरू होणार नाही."

ही बातमी अंगणात पोचायला कितीसा वेळ लागतो? परीक्षेच्या दिवशी डबे घेऊन आलेले पालक झाडाखाली बसलेच होते. ते दाराशी जमले. दैवशालेची आई नंदाबाई सगळ्यांत पुढे.

"ओ मॅडम, आमच्या लेकरांचं वर्ष घालवता का?" ती म्हणाली. "दुरून आल्या म्हणून काय झालं? घ्या की परीक्षा."

"ताई, तुमची मुलगी आत आहे म्हणूनच थांबलेय मी."

"आमची पोरगी हुशार हाय. तिला काय धाड भरलीय?"

"आगीला हुशारी वाचता येत नाही, ताई."

तेवढ्यात गाडी येऊन उभी राहिली आणि धर्मराजभाऊ उतरले. गर्दीने आपसूक वाट दिली. या देशात अनेक माणसांना रस्ते मिळत नाहीत. काहींना मात्र ते माणसांतूनही मिळतात.

"नमस्ते, मॅडम. काय तकलीफ झाली? जल्दी सुरू करा, जेवण थंड व्हायलंय."

"मागचं दार उघडा, लगेच सुरू करते."

"ते न्हाई व्हायचं. इथली पोरं इतकी बेरकी हायेत, दार उघडं दिसलं की चिठ्ठ्यांचा पाऊस पडतो. आम्ही कॉपी बंद केली म्हणून जिल्ह्यात नाव हाय शाळेचं. तुम्ही शिकलेल्या बाई, कॉपीची बाजू घेता?"

"कॉपी रोखायला दारात माणूस बसवा, भाऊ. कुलपाला कॉपी दिसत नाही, त्याला फक्त कोंडता येतं. कॉपी करताना सापडलेलं पोर पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसतं. कोंडून जळालेलं बसत नाही."

भाऊंनी आवाज थोडा खाली आणला.

"इतके महिने झाले, काय झालं का कधी? बोला ना. बिलकुल काही न्हाई झालं."

"याला सुरक्षा नाही म्हणत, नशीब म्हणतात. आणि नशिबावर तर तुम्ही मालसुद्धा ठेवत नाही. मालाला छप्पर दिलंत, पत्रे दिलेत, राखणदार दिलात. पलीकडे कापूस आहे ना? माझ्या बोटाला लागलाय."

"हाय. मंग? कापूस काय बाँब हाय का?"

मॅडम स्टुलावरच बसून होत्या. त्या बोलू लागल्या तेव्हा धर्मराजभाऊंशी कमी आणि पालकांशी जास्त बोलत होत्या.

"माझे अब्बा बदरोद्दीन पिंजारी. बदनापुरात गाद्या भरायचे. कापसाची आग मी पुस्तकात नंतर वाचली, घरात आधी ऐकली. अब्बा म्हणायचे, लाकूड पेटलं की तडतडतं, गवत पेटलं की भडकतं, कापूस मात्र गप्प राहतो. ठिणगी आत मुरते. वरून ढीग पांढराशुभ्र, आत निखारा चालत असतो. कळतं तेव्हा घर गेलेलं असतं. पिंजण चालू असताना अंगणात कुणी विडी काढली, की अब्बा त्याला दंडाला धरून बाहेर नेत. मग तो मेहुणा असो की मौलवी. अनपढ माणूस, पण एवढी अदब त्यांना होती. आणि तुम्ही इथं भिंतीच्या एका बाजूला कापूस भरलाय, दुसऱ्या बाजूला रोज दिवे पेटवताय, मधल्या दाराला कुलूप लावलंय, आणि त्याला नाव काय दिलंय, तर अभियान."

नंदाबाईने हातातला डबा खाली ठेवला.

धर्मराजभाऊ आता मॅडमना ओलांडून आत पाहत होते. "अंगद सर," ते हाक मारल्यासारखे म्हणाले, "तुम्ही सांगा या बाईंना. तुम्हीच पाटी लिहिलीय. दार कशापायी बंद हाय? बराबर सांगा."

सगळ्या नजरा आत वळल्या. अंगद मागच्या टेबलापाशी उभा होता. त्याला वाटले, आपल्याला एक शब्द बोलायचा आहे: कॉपी. दोन अक्षरांत सारे सुटते. परीक्षा होईल, सही होईल, मुले पास होतील, खाज उन्हाळ्यात जाईल. आजवर काही झालेले नाही. उद्याही बहुधा होणार नाही. आणि 'बहुधा' या शब्दावर तो रोज एवढी लेकरे तोलून धरत होता.

त्याने खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडले. कडी सारली आणि दार स्वतःकडे ओढले.

दार थोडे कुरकुरले, मग एकदम सैल झाले. आणि त्या फटीतून कापूस आत आला. आवाज न करता आला. आधी एक मोठा गोळा, मग त्यामागे दुसरा, मग छतापर्यंत रचलेला सबंध ढीग ढासळून, दाराला ढकलून, पांढऱ्या पुरासारखा फरशीवर पसरत गेला. अंगद मागे रेटला गेला. मुले ओरडली. कापूस टेबलांच्या पायांत शिरला, स्टुलांवर चढला, आणि मागच्या टेबलाच्या कडेला टेकला. त्या टेबलावर दिवा जळत होता! त्यानेच पेटवलेला, त्यानेच विसरलेला.

मॅडम त्या दिवशी प्रथमच स्टुलावरून उठल्या. "फुंकू नका!" एवढेच त्या म्हणाल्या. मिथुनने फुगवलेले गाल तसेच राहिले.

दैवशालेने हात पुढे केला. काचेचे टोपण उचलले आणि ज्योतीवर हळूच ठेवले, जसे तिला पहिल्या तासाला शिकवले होते. ज्योत मेली. उडालेला एक तंतू टोपणावर येऊन बसला.

जाळीतून आलेल्या उजेडात कापसाचे तंतू तरंगत होते आणि मुलांच्या केसांवर, काळ्या फळ्यावर, सुंदर अक्षरातल्या पाटीवर उतरत होते. कॉपी रोखणाऱ्या दारातून अखेर माल स्वतःच परीक्षेला येऊन बसला होता.

अंगद गुडघाभर कापसात उभा होता. तो बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"दार कॉपीसाठी बंद नव्हतं, मॅडम. कापसासाठी होतं. कॉपीचं कारण खोटं आहे. ते भाऊंनी सुचवलं, पण अक्षर माझं आहे. किल्लीही माझ्याच खिशात होती."

"सर," धर्मराजभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून राग नव्हता, फक्त आठवण होती. "तुमचा प्रस्ताव माझ्या टेबलावर हाय."

"राहू द्या, भाऊ. ही लेकरं माझ्या टेबलांवर आहेत."

भाऊ काही बोलणार होते. पण त्यांच्या शेजारून नंदाबाई आत गेली. ती थेट लेकीपाशी गेली, तिच्या केसांतला कापूस काढला आणि तो बोटांत चुरून पाहिला. आपल्याच शेतातला कापूस पडत्या भावात याच माणसाला घातला होता, हे तिला तेव्हा आठवले की नाही, ते सांगता येत नाही. तिने लुगड्याचा पदर पसरला, त्यात कापूस भरला आणि मागच्या दाराने नव्हे, पुढच्याच दाराने, धर्मराजभाऊंच्या अंगावरून अंगणात नेऊन ओतला.

"कचरू," ती ओरडली, "पोती आण. उभा काय राह्यलास, शाल घालायची का तुला?"

मग बाकीचे शिरले. ज्यांनी मॅडमना घेरले होते तेच शिरले. धोतरात, चादरीत, खताच्या रिकाम्या पोत्यांत कापूस बाहेर चालला. कचरूने सत्काराची शाल आणली आणि तीतही भरला. धर्मराजभाऊ फोनवर ट्रॅक्टर मागवत होते. त्यांचे मन बदलले, असा दावा येथे केलेला नाही. उघड्यावर पडलेला माल मळेल याची चिंता त्यांना लागली होती, आणि कित्येकदा समाजसुधारणेला एवढ्यावरही समाधान मानावे लागते. मन बदलले ते अंगदचे, आणि डबे घेऊन बसलेल्या त्या पालकांचे, ज्यांना सकाळपर्यंत शाळेच्या मागे काय आहे हे ठाऊक होते आणि त्याने आपल्या लेकराच्या जिवाला काय धोका हे ठाऊक नव्हते.

अंगदने पाटी उतरवली. अग्निशामक सिलिंडर अध्यक्षांच्या दालनातून आणून पुढच्या दाराशेजारी टांगला. पत्रे निघाले, फरशी झाडून झाली, स्पिरिटचा कॅन दारापासून दूर हलला, आणि मुलांना उभे करून त्याने गाळलेला नियम सांगितला. मुलांनी तो मोठ्याने म्हटला. मॅडमनीही म्हटला. दुपारी परीक्षा सुरू झाली. मागच्या दारात चिठ्ठ्यांवर लक्ष ठेवायला कचरू खुर्ची टाकून बसला, आणि त्या दिवशी एकही चिठ्ठी आली नाही.

व्हरांड्यातून कित्येक महिन्यांनी वारा आत आला. मिथुनच्या टेबलावरची ज्योत वाकू लागली.

"सर, दिवा हालून राह्यला. दार लोटू का?"

"दिवा सरकव," अंगद म्हणाला. "दार राहू दे."

नागरिकहो, त्याच्या प्रस्तावावर सही झाली की नाही, हे विचारण्याचा मोह तुम्हाला होईल. आधी दुसरे विचारा. जिथे आपली मुले विस्तवाशी आणि आम्लाशी खेळून शहाणी होतात, त्या खोलीला दुसरे दार आहे का, ते उघडते का, आणि उघडत नसेल तर त्याला कोणते उदात्त नाव दिले आहे? सुरक्षेचा नियम फळ्यावर नसतो, तो मोकळ्या दारात असतो. आणि ते दार बंद करणाऱ्याइतकाच ते बंद आहे हे जाणून गप्प राहणारा जबाबदार असतो. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा भाषणे सुरू होण्याआधी उठा, प्रयोगशाळेत जा आणि मागच्या दाराला एकदा हात लावून पाहा. उघडले, तर परत येऊन खुशाल चहा घ्या. नाही उघडले, तर चहा थांबेल.